मदत हवी आहे: अमेरिकी लष्करात प्रशिक्षण घेणारा मुलगा आणि दारू व अमली पदार्थांविषयीचे नियम

नमस्कार मंडळी,

आमचा मुलगा एकोणीस वर्षांचा असून ग्रीन कार्डवर आहे. हायस्कूल संपल्यावर तो स्वतःच्या इच्छेने अमेरिकी लष्करात भरती झाला. मूलभूत प्रशिक्षण पूर्ण करून सध्या तो टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे, फोर्ट सॅम ह्यूस्टनमध्ये, मेडिकचे, म्हणजे जखमी सैनिकांवर जागीच उपचार करणाऱ्याचे, प्रशिक्षण घेत आहे. काही दिवसांपूर्वी बाहेर जाण्याची परवानगी मिळाली असताना त्याने वयाने मोठ्या असलेल्या सहकाऱ्यांबरोबर बिअर घेतली आणि परतल्यावर ते सार्जंटच्या लक्षात आले. त्याला लेखी समज देण्यात आली आहे, बाहेर जाण्याची परवानगी रद्द झाली आहे आणि पुढील कारवाई होईल असे तोंडी सांगण्यात आले आहे. आमच्या माहेरी-सासरी लष्करात कोणीच नव्हते, त्यामुळे ज्यांनी स्वतः अमेरिकेत लष्करी सेवा केली आहे किंवा ज्यांची मुले तेथे आहेत, त्यांच्या मार्गदर्शनाची मला फार गरज आहे. त्याची परवानगी घेऊनच लिहीत आहे.

आतापर्यंत जे वाचले त्यावरून दारू आणि अमली पदार्थ यांच्याकडे लष्कर अगदी वेगळ्या नजरेने पाहते, असे दिसते. दारू पिण्याचे किमान वय २१ आहे, आणि प्रशिक्षणार्थ्यांवर त्याहूनही कडक बंधने असतात. मूलभूत प्रशिक्षणात तर दारू आणि तंबाखू दोन्ही वर्ज्य असतात. तरीही दारूच्या बाबतीत सुधारण्याची वाट मोकळी ठेवलेली आहे. जो सैनिक काही प्रकरण घडण्याआधी आपण होऊन उपचार मागतो, त्याला वरिष्ठांना न कळवताही दारूसाठी उपचार घेता येतील, अशी सोय लष्कराने २०१९ मध्ये केली. अमली पदार्थांच्या बाबतीत मात्र चाचणीत दोष आढळला आणि त्याला वैद्यकीय कारण नसेल, तर सेवेतून काढण्याची प्रक्रिया सुरू करणे वरिष्ठांवर बंधनकारक असते. या कडकपणामागे इतिहास आहे. २६ मे १९८१ रोजी अमेरिकी नौदलाच्या 'निमित्झ' या विमानवाहू नौकेवर उतरताना विमान कोसळून १४ जण मृत्युमुखी पडले आणि मृतांपैकी काही नौसैनिकांच्या शरीरात गांजाचे अंश सापडले. त्याच वर्षाच्या अखेरीस अचानक होणाऱ्या लघवीच्या तपासण्या आणि शून्य सहनशीलतेचे धोरण लागू झाले. नियम कडक असावेत याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याच्या हातात उद्या जखमी माणसाचा जीव असणार, त्याने शुद्धीत असावे हे मला पूर्ण मान्य आहे. पण एकोणीस वर्षांच्या मुलाला स्वतःचे हक्क ठाऊक नसल्यामुळे त्याचे जास्तीचे नुकसान होऊ नये, एवढीच आई म्हणून माझी धडपड आहे.

पहिला प्रश्न वकिलाचा. लेखी समजेच्या कागदावर सही करणे म्हणजे गुन्हा कबूल करणे नव्हे, केवळ कागद मिळाल्याची ती पोच असते आणि आपण असहमत असल्याचे त्यावर नोंदवता येते, हे मला नंतर कळले. त्याने ते न वाचताच सही केली आहे. आता लष्करी न्यायसंहितेच्या कलम १५ खाली, म्हणजे कोर्ट मार्शलविना, शिक्षा देण्याचा औपचारिक प्रस्ताव आल्यास तो स्वीकारण्याआधी लष्कराच्याच बचाव वकिलाचा सल्ला विनामूल्य घेण्याचा त्याला हक्क आहे आणि प्रस्ताव नाकारून कोर्ट मार्शल मागण्याचाही हक्क आहे. कंपनी कमांडरच्या पातळीवर ही शिक्षा जास्तीत जास्त चौदा दिवसांचे जादा काम, वावरण्यावर तितक्याच दिवसांचे बंधन, काही पगारकपात आणि हुद्द्यात एका पायरीची घट अशी असू शकते, म्हणजे ती सोसण्याजोगी आहे. मुलगा म्हणतो, "वकिलाकडे गेलो तर सार्जंटला वाटेल की मी लढायला निघालो आहे." आपल्यापैकी कोणाच्या मुलाने या टप्प्यावर वकील गाठला होता का, आणि त्यामुळे वरिष्ठांची वागणूक खरोखर बदलली का?

दुसरा प्रश्न नागरिकत्वाचा आहे आणि माझी झोप त्यानेच उडवली आहे. लष्करी सेवेच्या आधारावर त्याने नागरिकत्वाचा अर्ज केला आहे. या मार्गाने नागरिकत्व मिळालेला सैनिक पाच वर्षांची सन्माननीय सेवा पुरी होण्याआधी सन्माननीय नसलेल्या शेऱ्यासह बाहेर पडला, तर ते नागरिकत्व काढून घेता येते, अशी कायद्यात तरतूद आहे. केवळ वय कमी असताना बिअर घेतल्याची शिक्षा अर्जाच्या मुलाखतीत कशी सांगावी लागते, आणि त्यासाठी इमिग्रेशन आणि लष्करी कायदा दोन्ही जाणणारा वकील कसा शोधावा, हे कृपया सांगावे.

तिसरे म्हणजे, त्याला तपासणीसाठी व्यसनोपचार विभागाकडे पाठवले जाणार आहे. वरिष्ठांनी पाठवलेला आणि आपण होऊन गेलेला यांत गोपनीयतेचा फरक पडतो, हे मला समजले आहे. तेथे प्रशिक्षणार्थ्याला नेमके काय विचारतात आणि तो विभाग वरिष्ठांना काय कळवतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनी लिहावे. मी त्याला आधी चॅप्लेनकडे, म्हणजे लष्करातील धर्मगुरूंकडे, जाऊन मन मोकळे करायला सांगितले आहे, कारण चॅप्लेनशी झालेले बोलणे पूर्णपणे गोपनीय राहते. मुलगा प्रौढ असल्यामुळे आम्ही फोन केला तरी आम्हाला कोणी काही सांगणार नाही, ही जाणीव आहे.

आता घरातली गोष्ट, जी मला अजिबात माहीत नव्हती. दिवाळीचा फराळ पाठवायचा आहे. अनारशांना आम्ही खसखस लावतो आणि करंजीच्या सारणातही ती भाजून घालतो. अमेरिकी संरक्षण विभागाने फेब्रुवारी २०२३ मध्ये सैनिकांना खसखस कोणत्याही स्वरूपात खाऊ नये असे कळवले आहे, कारण काही खसखशीत कोडीन या अफूतील द्रव्याचे प्रमाण इतके असते की लघवीच्या तपासणीत दोष दिसू शकतो. म्हणून अनारसे यंदा बाद केले असून करंज्यांच्या सारणात फक्त सुके खोबरे, रवा आणि वेलची घालणार आहे. तीच गोष्ट भारतातून आणलेल्या औषधांची. कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा जातिफलादि चूर्णासारखे भांग असलेले आयुर्वेदिक औषध त्याच्या बॅगेत असू नये, हे त्याला बजावले आहे. दुकानात सहज मिळणाऱ्या सीबीडीच्या आणि 'डेल्टा-८'च्या (ही दोन्ही गांजाच्या जातीच्या झाडातील द्रव्ये) गोळ्याही सैनिकांना निषिद्ध आहेत, मग राज्याचा कायदा काही म्हणो. मसाले, पाचक गोळ्या, झोपेच्या गोळ्या यांपैकी आणखी काय टाळावे याची यादी कोणी केली असल्यास येथे जरूर द्यावी, म्हणजे इतर पालकांनाही तिचा उपयोग होईल.

मुलाचे नाव, तुकडी किंवा तारखा विचारू नयेत, ही विनंती. कारवाईचे कागद लवकरच त्याच्या हाती पडतील असे तो म्हणतो, त्यामुळे वकिलासंबंधीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर शक्यतो आधी द्यावे.