अनुभव धागा: क्लिक केलं, पण आकृती ढिम्म!

खारीबिस्कीट
काल लेकीने पायथनच्या टर्टलमध्ये (चित्रं काढत प्रोग्रामिंग शिकायची लायब्ररी) पडद्यावरचं कासव माऊसने ओढून दाखवलं, ऑनड्रॅगला (ओढल्यावर काय करायचं ते) गोटू (तिथे जा) दिलं की झालं, एका ओळीचं काम. ते बघून मला कॉलेजातलं टीकेइंटर (पायथनमध्ये खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) आठवलं. कॅनव्हासवर (चित्र काढायच्या जागेवर) जिल्ह्यांचा नकाशा, दर जिल्ह्याला एक चौकोन, चौकोनावर क्लिक केलं की तालुके दिसायचे होते. पण बरोब्बर रेघेवर टिचकी पडली तरच चालायचं, आत कुठेही मारा, ढिम्म. सर म्हणाले माऊस बदल! भानगड फिलची, म्हणजे आत भरायच्या रंगाची होती. चौकोनाचा फिल रिकामा असेल तर आतली जागा आकृतीची धरतच नाही ते, फक्त कड. पांढरा रंग भरला आणि गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळे बोलायला लागले. येऊ देत तुमचेही किस्से, लायब्ररी कुठलीही चालेल

निवांत_नागपूरकर
टीकेइंटरमध्येच लूपमध्ये लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) घालून टॅग_बाइंड (आकृतीला क्लिक जोडणं) करणारे हात वर करा 🙋 कुठलाही चौकोन दाबा, शेवटचाच नंबर, कारण लॅम्डा लूपचा आकडा (आय) क्लिकच्या वेळी बघतं. त्यात आय=आय लिहिलं की वठणीवर येतं

कुकरची_शिट्टी
मॅटप्लॉटलिबवालं (आलेख काढायची लायब्ररी) कोणीच नाही का? एमपीएल_कनेक्टला (क्लिक झाला की काय चालवायचं ते जोडणारं) ऑब्जेक्टची मेथड दिली आणि तो ऑब्जेक्ट कुठे धरूनच ठेवला नाही तर क्लिक मुके, एरर नाही काही नाही, कारण ते कॉलबॅक (जोडलेलं फंक्शन) वीक रेफरन्सने, म्हणजे सैल हाताने धरतं, ऑब्जेक्ट आपला कचऱ्यात. शिवाय अ‍ॅक्सिसच्या (आलेखाच्या चौकटीच्या) बाहेर क्लिक पडला की एक्सडेटा (क्लिकची आडवी जागा) नन, म्हणजे रिकामा येतो, तो आधी तपासा, नाहीतर वजाबाकी करताना लाल अक्षरांचा पाऊस. थांबा भाजी लागतेय

चहाबाज
@खारीबिस्कीट सरांचंही चूक नव्हतं हो, त्या गोळीवाल्या माऊसमध्ये एवढा मळ साचायचा! आम्ही नखाने खरवडायचो

पार्ल्याची_मावशी
ईईई

उंटावरचा
क्यूटीत (खिडक्या बनवायची आणखी एक लायब्ररी) क्यूग्राफिक्सआयटमचा, म्हणजे चित्रातल्या आकृतीचा, प्रेस इव्हेंट (बटन दाबल्याची खबर) आपल्या कोडने बदलून (ओव्हरराइड) वर सुपरलाही, म्हणजे मूळ क्लासच्या कोडलाही बोलावलं, तर रिलीज (बटन सोडल्याची खबर) येत नाही म्हणून केस उपटायची वेळ येते. आयटम मूव्हेबल (हलवता येणारा) किंवा सिलेक्टेबल (निवडता येणारा) नसेल तर मूळ क्लास प्रेस इग्नोर करतो, आणि प्रेस ज्याने घेतला नाही त्याला रिलीजही नाही. तर्क बरोबर आहे, पण सांगतं कोण!

निवांत_नागपूरकर
भाच्याच्या पायगेममध्ये (पायथनमध्ये खेळ बनवायची लायब्ररी) माऊसचं चाक फिरवलं तरी गोळी सुटायची 😂 चाकाचाही माऊसबटनडाऊन (बटन दाबल्याचा इव्हेंट) येतो ना, बटन ४ नि ५. कार्टं म्हणे मशीनगन आहे ती, राहू दे

कुकरची_शिट्टी
भाजी लागलीच शेवटी. मॅकवर टीकेइंटरचं राईट क्लिक बऱ्याचदा बटन-२ असतं आणि विंडोजवर बटन-३, हे कोणी सोडवलंय का नीट? मी दोन्ही बाइंड करून (जोडून) मोकळी होते

चहाबाज
कुठली भाजी?