एडीएचडी आणि एमएस्सीचा अभ्यास : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पुण्यात एमएस्सी स्टॅटिस्टिक्स करतेय, यंदाच एडीएचडीचं (लक्ष एकाग्र ठेवणं अवघड जाणारी अवस्था) निदान झालं. गणितं सोडवताना तास कसा जातो कळत नाही, पण थिअरी वाचताना नजर ओळींवरून फिरते आणि डोक्यात काही शिरत नाही. २५ मिनिटं अभ्यास, मग छोटी सुट्टी अशी गजर लावून करायची पोमोडोरो पद्धत जमत नाही. सूर लागतो तेवढ्यात घंटा वाजते. अभ्यासिकेत शेजारी कुणी वाचत असलं की मात्र बसवतं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. तरी विद्यापीठाच्या परीक्षेत कुणाला जादा वेळ मिळालाय का? अर्ज कुणाकडे करायचा, कागदपत्रं कोणती? आणि थिअरी डोक्यात राहावी म्हणून तुम्ही काय करता? औषधांचं डॉक्टर बघताहेत. परीक्षा जवळ आलीय, प्लीज सांगा.