सक्रिय टी पेशींचा मृत्यू : ‘आत्महत्या’ म्हणावं का?

बोरूबहाद्दर : भाषांतरात ‘संसर्ग आटोक्यात आला की सक्रिय टी पेशी (रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) आत्महत्या करतात’ असं लिहिलं. संपादकांनी लाल रेघ मारली, भडक वाटतं म्हणे. दुसरा शब्द सुचवा.

सूक्ष्मदर्शी : भडकपणाचं राहू द्या, तो शब्द नेमकाही नाही. पुन्हा पुन्हा उद्दीपित झालेली टी पेशी फास लिगँड हे प्रथिन बनवते. ते शेजारणीच्या (कधी स्वतःच्याही) पृष्ठभागावरच्या फास या ग्राहीला जोडलं गेलं की आत कॅस्पेज-८ हे प्रथिनं तोडणारं विकर जागं होतं आणि ते तशाच कॅस्पेज-३ला कामाला लावतं. मग पेशी आक्रसते, डीएनएचे तुकडे पडतात, आवरणाला फुगे येतात आणि भक्षक पेशी तिला गिळून टाकतात. शेजारणीने काटा काढला तर ती आत्महत्या कसली? मी ‘उद्दीपनजन्य पेशीमृत्यू’ म्हणतो. आणि पेशींची वाढ करणारं इंटरल्युकिन-२ हे संदेशवाहक प्रथिनच त्यांना या मरणासाठी तयार करतं!

जुना मास्तर : ‘फास’ मराठीत आयताच गळ्याशी आला की! निव्वळ योगायोग, पण लक्षात राहायला बरा.

पानवाली : १९७२ साली केर, वायली आणि करी यांनी ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिलं, ते पानं गळण्याच्या ग्रीक शब्दावरून. मग ‘पेशीगळ’ का नको?

सूक्ष्मदर्शी : ऐकताना गळू आठवतं हो. गळवात पू, दाह, ठणका; इथे सहसा दाहाशिवाय काम उरकतं. अगदी उलट अर्थ जाईल.

बोरूबहाद्दर, तुमच्या वाक्यात आणखी एक मेख आहे. संसर्ग सरल्यावर बहुतेक टी पेशी जातात त्या फासमुळे नव्हे, तर जगवणारे सायटोकाइन (इंटरल्युकिनसारखी संदेशवाहक प्रथिनं) आटल्याने. तिथे बिम हे प्रथिन आतूनच घात करतं. फासची वाट मुख्यतः उद्दीपन थांबतच नाही तेव्हाची, उदाहरणार्थ स्वतःच्याच प्रथिनांवर उठलेल्या पेशींसाठी. फास जनुकात दोष असलेल्या मुलांमध्ये लसिका ग्रंथी आणि प्लीहा वाढते, रक्तपेशींवर स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटते. १९९५ मध्ये हा संबंध उघड झाला.

बोरूबहाद्दर : म्हणजे दोन्हींना मिळून ‘पूर्वनियोजित पेशीमृत्यू’?

जुना मास्तर : ‘पूर्वनियोजित’ला खुनाच्या खटल्याचा वास येतो. नुसतं ‘नियोजित’ पुरे.

बोरूबहाद्दर : ‘संसर्ग ओसरला की बहुतेक सक्रिय टी पेशी नियोजित मृत्यूने नाहीशा होतात, थोड्या स्मृतिपेशी म्हणून उरतात.’ हेच पाठवते.