मदत हवी आहे: सिलियांचा वेग काहीही केलं तरी १० हर्ट्झच येतोय

करवीरकर
कोल्हापुरात कॉलेजच्या लॅबमध्ये नाकातल्या पेशींच्या सिलिया (पेशीवरचे केसांसारखे हलणारे तंतू) सेकंदाला किती वेळा हलतात, म्हणजे किती हर्ट्झ, ते मोजतोय. नमुना कान-नाक-घसा डॉक्टर ब्रशने घेऊन देतात, भुलीचा स्प्रे न मारता. एथिक्स कमिटीची परवानगी आहे. ब्रश एम१९९ माध्यमात (पेशी जिवंत ठेवणारं द्रव) झटकायचा, थेंब स्लाइडवर, वर कव्हरस्लिप. मायक्रोस्कोपला ४० एक्स लेन्स, फेज कॉन्ट्रास्ट, कॅमेरा ३० एफपीएस (सेकंदाला ३० फ्रेम), एक्स्पोजर २ मिलिसेकंद, १० सेकंदांचा व्हिडिओ. फिजी सॉफ्टवेअरमध्ये पेशींच्या काठावर चौकोन आखून प्लॉट झेड-अ‍ॅक्सिस प्रोफाइल (चौकोनातल्या उजेडाचा फ्रेमगणिक आलेख), मग एफएफटी, म्हणजे त्या आलेखात कुठली वारंवारता ठळक आहे ते काढणारं गणित.
स्लाइड गरम ठेवणारी स्टेज ३७ अंशांवर असो नाहीतर बंद, एफएफटीचं शिखर १०.० लाच. तिघांचे नमुने बघितले, तिन्ही १०.०.

खासबाग कट्टा
गार थेंबात आणि ३७ अंशांवर एकच आकडा? सिलिया असं वागत नाहीत, गारठ्यात त्या चांगल्याच मंदावतात. तोच व्हिडिओ उघडा आणि चौकोन रिकाम्या जागेवर सरकवा, जिथं पेशीच नाही.

करवीरकर
सरकवला. तिथंही १०.०. आता काय म्हणायचं ह्याला?

रंकाळा वारा
दिवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावर चालणारा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला कळत नाही, २ मिलिसेकंदांच्या एक्स्पोजरला कळतं. ३० एफपीएसवर ती १०० ची लुकलुक १०० वजा ९० म्हणजे १० हर्ट्झ होऊन दिसते. नेमकी सिलियांच्या पट्ट्यात, म्हणून शंकाही येत नाही.
खात्री करायची तर एक्स्पोजर बरोबर १० मिलिसेकंद ठेवा. एक पूर्ण लुकलुक त्यात मावते आणि रिकाम्या जागेचं शिखर गळून पडतं. हा उपाय नव्हे, फक्त परीक्षा. एवढ्या एक्स्पोजरला सिलियांचा जोराचा फटका पुसट होतो. खरा इलाज म्हणजे दिवा डीसीवर, म्हणजे न लुकलुकणाऱ्या एकदिश विजेवर घेणं. ५ व्होल्टचा एलईडी असेल तर पॉवर बँक पुरते. उजेडाचं बटण मात्र पूर्ण वर ठेवा, कारण बरेच एलईडी मंद करताना स्वतःच चालू-बंद होतात. उजेड जास्त वाटला तर ग्रे फिल्टर घाला. फेजमध्ये कंडेन्सरचा डायफ्रॅम मिटायचा नाही. मायक्रोस्कोपजवळची ट्यूबलाइटही बंद करा.

खासबाग कट्टा
दिवा सुधारला तरी ३० एफपीएस सोडाच. त्यात १५ हर्ट्झच्या वरचं काही कळत नाही. १७ चा ठोका १३ म्हणून दिसेल आणि तुम्ही तो खुशाल वहीत लिहाल. यूएसबी ३ चा मोनोक्रोम कॅमेरा घ्या, फ्रेम कापून लहान केली की २०० एफपीएस सहज मिळतात. फटक्याची ढब बघायची असेल तर ५०० च्या आसपास लागतात.
एफएफटीवर आंधळा विश्वास नको. व्हिडिओ हळू चालवून दहा ठोक्यांच्या फ्रेम हाताने मोजा. २०० एफपीएसवर १६० फ्रेम भरल्या तर १२.५ हर्ट्झ. दोन आकडे जुळले नाहीत तर हातचा खरा.

करवीरकर
कॅमेरा दुसऱ्या विभागातून उसना मिळाला, दिवा पॉवर बँकवर घेतला. आता स्टेज बंद असताना ७.२, ३७ ला ११.८, रिकाम्या जागेवर शिखर नाही. पण वीस मिनिटांत ११.८ चे ९ होतात आणि माध्यम गुलाबी-जांभळं पडतं.

रंकाळा वारा
जांभळं म्हणजे पीएच वर चढला. तुमचं एम१९९ अर्ल सॉल्टचं (त्यातल्या क्षारांच्या मिश्रणाचा एक प्रकार) असणार, त्याला ५ टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो. उघड्यावर हँक्स सॉल्टचं वापरा, नाहीतर २० मिलीमोलर हेपेस (पीएच स्थिर ठेवणारं बफर) घालून पीएच ७.४ करा. शिवाय थेंब सुकतोय, क्षार वाढले की सिलिया मंदावतात. अर्धा मिलिमीटर जाडीची सिलिकॉनची कड लावून कव्हरस्लिप बंद करा. पंखा बंद.
स्टेजच्या डिस्प्लेवर जाऊ नका, बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) थेंबातच बुडवा. १०० एक्स तेलाची लेन्स लावलीत तर ती थेंबातली ऊब खेचून घेते. ४० एक्स ड्रायच बरी. मोजण्याआधी पंधरा मिनिटं थांबा.

खासबाग कट्टा
आणखी एक, इथं सगळेच घसरतात. हलणाऱ्या पट्ट्या तेवढ्या निवडू नका. ५० मायक्रॉनपेक्षा लांब, शेंबूड न चिकटलेल्या पेशींच्या दहा कडा घ्या आणि स्थिर किती होत्या तेही लिहा. सर्दी झालेल्याचा नमुना चार-सहा आठवडे घेऊ नका. आणि वेग नॉर्मल आला म्हणून सिलियांचा जन्मजात आजार नाही असं डॉक्टरांना कळवू नका. डीएनएएच११ या जनुकाच्या दोषात वेग बरेचदा नॉर्मल किंवा जास्तच असतो, फटका मात्र आखूड आणि ताठर.

करवीरकर
हँक्स मागवलंय. कड लावून, पंखा बंद करून आज चाळीस मिनिटं ११.५ च्या खाली गेलं नाही. स्थिर कडांचा रकाना वहीत नव्हता, आता आखलाय.