प्रतिसाद: क्लबांना कोपरा नको, इमारत द्या

कार संग्रहालयांच्या नूतनीकरणाबद्दल 'नूतनीकरणाचा पैसा दर्शनी भागावर उडतो, क्लबांच्या (म्हणजे जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळांच्या) वाट्याला कोपरा येतो' असं वर कुणीतरी लिहिलंय, ते बऱ्याच अंशी पटतं. लॉस एंजेलिसच्या पीटरसन कार संग्रहालयाने २०१५ मध्ये स्टीलच्या पट्ट्यांचा झगा घातला, तोच आधी डोळ्यांत भरतो. (मला आवडतो, पण ते असो.)

पण अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या गिलमोर कार म्युझियमचं नाव इथे कुणी काढलं नाही. तिथे एकेका ब्रँडच्या गाड्यांना वाहिलेल्या क्लबांनी आणि संस्थांनी एकाच आवारात स्वतःची संग्रहालयं थाटली आहेत. फोर्ड मॉडेल ए वाल्यांची इमारत तर १९२८ च्या फोर्ड डीलरशिपसारखी. त्यामुळे गाडी दोरीमागे नाही, शोरूममध्ये विकायला ठेवल्यासारखी दिसते. लिंकन, कॅडिलॅक, हवेने थंड होणाऱ्या इंजिनांची फ्रँकलिन, सगळ्यांचं घर तिथेच.