गावीची एएमसी: दात्यांचे दीड अब्ज डॉलर कंपन्यांपर्यंत पोचले कसे?

प्रश्न: गावी ही गरीब देशांना लशी मिळवून देणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या एएमसीत, म्हणजे लस खरेदीची आगाऊ हमी देणाऱ्या योजनेत, न्यूमोकॉकल (न्यूमोनिया करणाऱ्या जंतूवरच्या) लशीसाठी २००७ साली इटली, ब्रिटन, कॅनडा, रशिया, नॉर्वे आणि गेट्स फाउंडेशन यांनी मिळून दीड अब्ज डॉलर कबूल केले. हे पैसे कंपन्यांना संशोधनासाठी आधी दिले की लस विकल्यावर? आणि याला सरकार-कंपन्यांची भागीदारी म्हणतात, ती कसली? सरळ अनुदानच वाटतं.

हिशेबनीस: विकल्यावरच. लस पोचली नाही तर दमडी नाही. लक्ष्य होतं वर्षाला २० कोटी डोसांचं. त्यातला जेवढा वाटा कंपनी दहा वर्षं पुरवायची लेखी हमी देईल, तेवढाच दीड अब्जातला वाटा तिचा. २०१० मध्ये जीएसके आणि फायझर या औषध कंपन्यांनी वर्षाला प्रत्येकी ३ कोटी डोस कबूल केले. म्हणजे १५ टक्के, साडेबावीस कोटी डॉलर. डोसाची कमाल किंमत साडेतीन डॉलर, सुरुवातीच्या डोसांवर वर आणखी साडेतीन. भागून बघा: एका कंपनीच्या दहा वर्षांच्या ३० कोटींपैकी ६.४३ कोटी डोस सातच्या भावाने जातात, उरलेले साडेतीनने किंवा त्याखाली. हा वरचा पैसा कारखाना वाढवण्यासाठी. सगळ्यात गरीब देश डोसामागे २० सेंट भरत, बाकीचं गावी.

उलटतपासणी: गणित बरोबर, पण 'एएमसीमुळे संशोधन झालं' असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नका. करार झाले तेव्हा त्या दोन्ही लशींना युरोपात मंजुरी मिळालेली होती. विकत घेतली ती उत्पादनक्षमता. भाव खऱ्या अर्थाने हलला तो पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची न्यूमोसिल ही न्यूमोकॉकल लस आल्यावर. डिसेंबर २०१९ मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता (म्हणजे अशा संस्थांनी खरेदी करण्याजोगी असल्याची मान्यता) मिळाली, २०२० च्या करारात दर २ डॉलर. तोवर गावीला सर्वांत स्वस्त डोस २.९० ला पडत होता. सीरमची हमी वर्षाला १ कोटी डोसांची, म्हणून वाटा ५ टक्के. मात्र तिच्या विकासात गेट्स फाउंडेशनचा पैसा आधीच गेला होता, तो या दोन डॉलरांत दिसत नाही.

शीतसाखळी: भाव बघताना कुपीही बघा. जीएसकेची सुरुवातीची कुपी दोन डोसांची, त्यात संरक्षक द्रव्य नाही, म्हणून उघडल्यावर ६ तासांत फेकायची. सत्राला दुसरं बाळ आलंच नाही तर साडेतीनचा डोस सातला पडला. न्यूमोसिलच्या पाच डोसांच्या कुपीत थायोमर्सल हे संरक्षक द्रव्य असतं, ती नीट ठेवली तर २८ दिवस चालते. शिवाय ही लस गोठली की वाया. आइसपॅक डीप फ्रीझरमधून काढून थेट लस नेण्याच्या कॅरिअरमध्ये भरू नयेत. बाहेर ठेवावेत आणि कानाशी हलवून आत पाणी खळखळलं की मगच भरावेत.