जुलैत क्वीन्सटाउन: पाच दिवसांत स्की, बंजी, मिलफर्ड सगळं बसेल का?

मीनल_के
नमस्कार मंडळी, जुलैत न्यूझीलंडला जायचं नक्की झालंय आणि त्यातले पाच दिवस क्वीन्सटाउनला आहेत. आम्ही दोघं, पंधरा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. स्की कुणीच कधी केलेलं नाही. नवऱ्याला करोनेट पीक आणि रिमार्केबल्स या स्कीच्या दोन्ही डोंगरांवर जायचंय, मुलीला बंजी हवीच आहे, शिवाय जेट बोट, शिवाय मिलफर्ड साउंडची खाडी, आणि सासूबाई म्हणतात तुम्ही जा गं, मी बसते तळ्याकाठी. पण त्यांना रोज असं बसवून आपण हुंदडायचं हे काही पटत नाही. गाडी भाड्याने घ्यावी की बसने फिरावं हेही कळेना. कुणी जाऊन आलंय का?

खटपट्या
सगळं बसवू नका, नुसती दमछाक होईल. स्कीला लागोपाठ दोन दिवस द्या आणि दोन्ही दिवस एकाच डोंगरावर. नवशिक्याला दुसरा डोंगर बघून काय मिळणार, तो दिवसभर त्याच छोट्या उतारावर असतो, सरकत्या पट्ट्यावर उभं राहून वर जायचं, स्कीची टोकं पुढे जवळ आणि मागून फाकवून हळूहळू खाली यायचं, पडायचं, उठायचं, परत पट्टा. दुसऱ्या दिवशी दुपारी कुठे वळायला जमतं आणि खरी मजा तेव्हा सुरू होते. मी रिमार्केबल्स म्हणेन, नवीन लोकांना आणि फॅमिलीला बरं पडतं. करोनेट जवळ आहे आणि तिथे काही दिवस रात्रीचं स्कीइंगही असतं, पण ते जमायला लागल्यावर.

बूट भाड्याने घेताना मात्र अजिबात संकोच करू नका, दोनदा बदलून मागा. बक्कल लावून ताठ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकायला हवीत, गुडघे वाकवले की तीच बोटं मागे सरकायला हवीत, आणि टाच जागची हलता कामा नये. मोजा एकच, लांब आणि पातळ. दोन जाड मोजे घातले की पाय आवळला जातो आणि उलट जास्त गार पडतो. थर्मलची पँट बुटात खोचायची नाही, घडी पडली की संध्याकाळपर्यंत नडगीवर वळ. जीन्स घालून तर जाऊच नका, ओली झाली की संपलं. ढग असले तरी सनस्क्रीन लावा.

घाटवाट
गाडीबद्दल. तिथेही डावीकडूनच चालवायचं म्हणून आपल्या लोकांना सोपं वाटतं, पण जुलैत सूर्य आठनंतर उगवतो आणि पाचच्या सुमाराला मावळतो, आणि सावलीतल्या वळणांवर बर्फाचा पातळ थर असतो जो दिसतच नाही. स्कीच्या डोंगरावर जाणाऱ्या रस्त्यांवर कधीकधी चाकांना चेन लावाव्या लागतात आणि बऱ्याच भाड्याच्या गाड्यांच्या करारात ते रस्ते चालतच नाहीत, बारीक अक्षरं वाचा. गावातून दोन्हीकडे बस जातात, त्याच घ्या. आणि गावात बर्फ असेल अशी आशा धरू नका, तळ्याच्या पातळीवर तो क्वचितच पडतो, असतो तो वर.

मिलफर्ड माझ्या मते सोडा. एका बाजूने २९० किमीच्या आसपास आहे, म्हणजे नुसतं जायलाच चार तास, त्यात हिवाळ्यात हिमकडे कोसळायची भीती असली की रस्ता बंद करतात. त्याऐवजी ग्लेनॉर्की गावाला जा, तळ्याच्या कडेकडेने जेमतेम ४५ किमी आहे, आणि रस्ताच इतका सुंदर की पोचायची घाई होत नाही.

खटपट्या
@घाटवाट मिलफर्डबद्दल असहमत. इतक्या लांब जाऊन ते न बघणं म्हणजे काय! बसने जा, ड्रायव्हरला रस्ता रोजचा असतो, तुम्ही झोपा. फक्त बुकिंग लवचिक ठेवा आणि शेवटच्या दिवशी ठेवू नका.

निवांत_नलू
मीनल, बंजीचं सांगते. कवराऊ नदीवरचा पूल ४३ मीटर उंच, १९८८ पासून तिथे धंदेवाईक बंजी चालू आहे, जगातली पहिली कायमची जागा तीच. नेव्हिस १३४ मीटर, तिथे दरीवर तारांना टांगलेल्या केबिनमधून उडी मारायची. वयाची अडचण तुमच्या मुलीला दोन्हीकडे नाही, वजन मात्र करतात आणि त्यावरून दोरी ठरते. मी म्हणेन कवराऊ, कारण बघणाऱ्यांना सगळं समोर दिसतं. घोट्याला टॉवेल गुंडाळून पट्टा बांधतात, उडी संपली की खाली रबरी बोट येते, त्यातले लोक काठी पुढे करतात, ती पकडायची.

सासूबाईंना टीएसएस अर्नस्लॉवर बसवा. १९१२ ची कोळशावर चालणारी आगबोट, अजून चालते, आणि मधल्या पुलावरून खाली इंजिनात फावड्याने कोळसा टाकणारी माणसं दिसतात. बाहेर हुडहुडी आणि तिथे मस्त ऊब. एक दिवस अ‍ॅरोटाउन, जुनं सोन्याच्या खाणवाल्यांचं गाव, सपाट आहे, पाय दुखत नाहीत. तळ्याकाठी बसल्याच तर त्यांना काठावरच्या एखाद्या दगडावर लक्ष ठेवायला सांगा, वाकाटिपूचं, म्हणजे त्याच तळ्याचं, पाणी थोड्या थोड्या वेळाने काही सेंटीमीटर वरखाली होतं. माओरी लोक म्हणतात तळाशी राक्षसाचं हृदय धडधडतंय.

मीनल_के
बाप रे, केवढं सांगितलंत, आभार! हृदयाची गोष्ट आत्ताच वाचून दाखवली, आता त्या एकट्याच बसायला तयार आहेत 😄 इन्शुरन्स वेगळा लागेल का?

घाटवाट
लागेल. अपघात झाला तर तिथली एसीसी ही सरकारी योजना पर्यटकांच्याही उपचारांचा बराच खर्च उचलते, पण आजारपण, हुकलेली विमानं, परत आणायचा खर्च त्यात येत नाही. पॉलिसीत स्की आणि बंजी दोन्ही शब्द आहेत का बघा. आणि जुलैत तिथल्या शाळांना सुट्ट्या असतात, स्कीचे क्लास आत्ताच बुक करा.